न्यायमूर्ती भूषण गवई : अभिमान किती आणि हिशेब किती?

१४ मे २०२५ रोजी न्यायमूर्ती भूषण रामकृष्ण गवई यांनी देशाचे ५२ वे सरन्यायाधीश म्हणून शपथ घेतली. त्या दिवशी आपल्या प्रत्येकाच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर निळा झेंडा आणि त्यांचा फोटो होता. पहिला बौद्ध सरन्यायाधीश! आणि त्याआधी नऊच महिने, २१ ऑगस्ट २०२४ रोजी, आपणच भारत बंदमध्ये रस्त्यावर उतरलो होतो. तो बंद ज्या निकालाविरुद्ध होता, त्या निकालात क्रिमी लेयरची शिफारस करणारे सर्वांत ठळक मत याच न्यायमूर्ती गवईंचे होते. मोर्चातली माणसेही तीच आणि पेढे वाटणारीही तीच.

यात काही चुकले असे मला वाटत नाही. पण एकदा अभिमान आणि एकदा संताप असे झोके घेत राहिलो, तर न्यायव्यवस्था नावाच्या गोष्टीकडे आपण नीट पाहणारच नाही. २३ नोव्हेंबर २०२५ ला ते निवृत्त झाले. आता फटाकेही थांबलेत आणि घोषणाही. म्हणून हा हिशेब.

आधी एक जुनी गोष्ट. महाडचे चवदार तळे आपल्याला २० मार्च १९२७ या तारखेने आठवते. पण तळ्यावर आपला कायदेशीर हक्क शाबीत झाला तो १७ मार्च १९३७ ला, मुंबई उच्च न्यायालयात. मधली दहा वर्षे बाबासाहेब महाडच्या दिवाणी कोर्टापासून ठाण्याच्या अपिलापर्यंत आणि तिथून मुंबईपर्यंत हा दावा लढत होते. उच्च न्यायालयात निकाल दिला न्या. ब्रूमफिल्ड यांच्या पीठाने. (हेच ब्रूमफिल्ड १९२२ मध्ये अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे.) आता हा निकाल कशाच्या आधारावर दिला ते पाहा. अस्पृश्यता अमानुष आहे म्हणून नव्हे. अस्पृश्यांना बंदी घालण्याची प्रथा अनादी काळापासून चालत आली आहे, हे सवर्ण वादींना पुराव्यानिशी सिद्ध करता आले नाही म्हणून! उद्या ते सिद्ध करता आले असते तर? त्या खंडपीठात एकही माणूस असा नव्हता ज्याला तहान लागलेली असताना कुणी तळ्यावरून हाकलले असेल. न्यायाधीशाच्या खुर्चीत कोण बसतो याला महत्त्व का आहे, हे समजायला मला तरी दुसरे उदाहरण लागत नाही.

त्याच १९३७ साली स्वतंत्र मजूर पक्षाच्या तिकिटावर पुण्यातून राजाराम भोळे मुंबई विधिमंडळात निवडून आले. बाबासाहेबांचे हे सहकारी पुढे न्यायखात्यात गेले आणि मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. निवृत्तीनंतर १९८० मध्ये ते मुंबई दक्षिण मध्यमधून काँग्रेसचे खासदारही झाले. आपल्या किती तरुणांना न्या. भोळे हे नाव माहीत आहे? चळवळीने आमदार, खासदार, कवी, गायक जपले. न्यायाधीश, वकील आणि कायद्याचे प्राध्यापक मात्र जयंतीच्या बॅनरवर कधी आले नाहीत.

गवई यांच्या घराण्याचे नाव नाशिककरांना नवे नाही. त्यांचे वडील रा. सू. गवई म्हणजे दादासाहेब गायकवाडांच्या पिढीनंतरचे रिपब्लिकन पुढारी. दिंडोरी तालुक्यातल्या आंब्याच्या दादासाहेबांनी काळाराम मंदिर सत्याग्रह सांभाळला, भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले आणि १९७१ च्या डिसेंबरात ते गेले. त्यानंतर पक्षाची जी फाटाफूट झाली त्यात एका गटाचे नावच गवई गट. रा. सू. गवई १९६४ पासून तीस वर्षे विधान परिषदेत होते. ते सभापती झाले, नंतर खासदार आणि राज्यपाल झाले. त्यांच्या तडजोडीच्या राजकारणावर आपल्यात टीका झाली आहे आणि ती योग्यच होती. पण दीक्षाभूमीच्या स्मारकाच्या उभारणीतले त्यांचे काम नाकारता येत नाही.

भूषण गवईंचा जन्म २४ नोव्हेंबर १९६० चा, अमरावतीचा. प्राथमिक शिक्षण फ्रेझरपुऱ्यातल्या नगरपालिकेच्या मराठी शाळेत आणि पुढे मुंबईत गिरगावच्या चिकित्सक समूहाच्या शाळेत. त्यांना व्हायचे होते वास्तुविशारद. वडिलांना स्वतःला वकील होता आले नव्हते, म्हणून मुलाने व्हावे ही त्यांची इच्छा. १६ मार्च १९८५ ला सनद घेतली. माजी महाधिवक्ता आणि न्यायमूर्ती राहिलेले बॅरिस्टर राजा भोसले यांच्या हाताखाली १९८७ पर्यंत काम केले. मग मुंबईत स्वतंत्र वकिली आणि १९९० नंतर मुख्यतः नागपूर खंडपीठात. नागपूर आणि अमरावती महापालिका, अमरावती विद्यापीठ यांचे ते वकील होते. ऑगस्ट १९९२ ते जुलै १९९३ सहायक सरकारी वकील आणि १७ जानेवारी २००० पासून नागपूर खंडपीठाचे मुख्य सरकारी वकील. १४ नोव्हेंबर २००३ ला अतिरिक्त न्यायाधीश, १२ नोव्हेंबर २००५ ला कायम न्यायाधीश. मुंबई, नागपूर, औरंगाबाद, पणजी या चारही ठिकाणी बसून साडेपंधरा वर्षे उच्च न्यायालयात काढल्यावर २४ मे २०१९ ला ते सर्वोच्च न्यायालयात गेले.

ही यादी मी मुद्दाम तारखांसह दिली. कारण उच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्याचा रस्ता कसा असतो, ते आपल्या पोरांना कुणी सांगत नाही. एमपीएससीची जाहिरात निघते तशी या पदाची जाहिरात निघत नाही. परीक्षा नाही, मुलाखतीचे वेळापत्रक नाही आणि आरक्षण तर नाहीच. संविधानाचे कलम २१७ एवढेच म्हणते की दहा वर्षे न्यायिक पद किंवा दहा वर्षे उच्च न्यायालयात वकिली हवी. उरलेले सगळे अनुभवाने कळते. मोठ्या वकिलाच्या चेंबरमध्ये उमेदवारी करायची. महापालिका, विद्यापीठ, महामंडळ अशा संस्थांचे पॅनेल मिळवायचे. मग सरकारी वकील व्हायचे, म्हणजे रोज न्यायमूर्तींसमोर उभे राहता येते आणि ते तुमचे काम पाहतात. मग एक दिवस कॉलेजियममधले कुणी तुमचे नाव काढतो. यातल्या प्रत्येक पायरीवर ओळख लागते. समाजशास्त्रात याला सामाजिक भांडवल म्हणतात, आपल्या वस्तीत ‘वशिला’ म्हणतात. भूषण गवईंकडे गुणवत्ता होती यात शंका नाही. पण ते कॉलेजात होते तेव्हा त्यांचे वडील विधान परिषदेचे सभापती होते, हेही खरेच आहे. सातपूरच्या कामगाराच्या मुलाकडे तेवढीच गुणवत्ता असेल तर तो कुठल्या पायरीवर अडकेल, हे तुम्हीच सांगा.

आणि एवढे सगळे असूनही जातीचा प्रश्न संपला नाही. गवईंनी स्वतः जाहीरपणे सांगितले आहे की २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात अनुसूचित जातीचा एकही न्यायाधीश नव्हता आणि त्यांच्या नियुक्तीमागे ते एक मोठे कारण होते. २०१९ चेही तसेच. के. जी. बालकृष्णन मे २०१० मध्ये निवृत्त झाल्यावर सर्वोच्च न्यायालयात सुमारे दहा वर्षे अनुसूचित जातीचा न्यायाधीश नव्हता. कॉलेजियमने ८ मे २०१९ च्या ठरावात हे लिहून ठेवले आणि सोबत हेही, की गवईंपेक्षा ज्येष्ठ असलेले मुंबईचे न्यायाधीश कमी योग्य आहेत असा अर्थ कुणी काढू नये. म्हणजे शिफारस करतानाही माफीचा सूर! तो विचार झाला नसता तर सर्वोच्च न्यायालयात आपण दोनेक वर्षे उशिरा पोहोचलो असतो, असे गवई म्हणाले आहेत. दोन वर्षे उशीर झाला असता तर ज्येष्ठतेच्या रांगेत सरन्यायाधीशपद हुकलेच असते.

थोडे मागे जाऊन पाहू. सर्वोच्च न्यायालय १९५० मध्ये सुरू झाले. तिथे पहिले दलित न्यायमूर्ती ए. वरदराजन १९८० मध्ये आले. संविधान लिहिणाऱ्याच्या समाजाला त्या संविधानाचा अर्थ लावणाऱ्या खुर्चीपर्यंत जायला तीस वर्षे लागली. उच्च न्यायालयांचे आकडे सरकारने संसदेत दिले आहेत. २०१८ पासून मार्च २०२५ पर्यंत नेमलेल्या ७१५ न्यायाधीशांपैकी अनुसूचित जातीचे २२, अनुसूचित जमातीचे १६ आणि ओबीसी ८९. म्हणजे आपला वाटा जेमतेम ३ टक्के.

बाबासाहेबांना हा धोका दिसला होता. २४ मे १९४९ ला संविधान सभेत न्यायाधीशांच्या नेमणुकीवर चर्चा झाली. सरन्यायाधीशांची संमती सक्तीची करावी ही सूचना त्यांनी फेटाळली. सरन्यायाधीश कितीही मोठा असला तरी तो माणूसच असतो, त्याला भावना असतात आणि पूर्वग्रहही असतात, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९९३ च्या निकालाने नेमका तोच नकाराधिकार न्यायाधीशांनी स्वतःकडे घेतला. २०१५ मध्ये न्यायिक नियुक्ती आयोगही रद्द झाला. सरकारच्या हाती नेमणुका द्याव्यात असे मी म्हणत नाही, आजच्या सरकारच्या तर नाहीच. पण बंद खोलीत पाचजण नावे काढतात, त्या खोलीत आपला माणूस नसतो आणि असला तर ‘दहा वर्षांनी एक’ असा असतो, हे कुठल्या संविधानात बसते?

आता गवईंच्या कामाकडे येऊ.

१३ नोव्हेंबर २०२४ चा बुलडोझर निकाल त्यांनी दिला, सोबत न्या. विश्वनाथन होते. आरोपीचे घर पाडणे ही शिक्षा नव्हे. पंधरा दिवसांची नोटीस, म्हणणे मांडण्याची संधी आणि नियम मोडला तर अधिकाऱ्याच्या खिशातून भरपाई. वस्तीत काम करणाऱ्याला यातला एकेक शब्द किती कामाचा आहे हे माहीत असते. त्या निकालाची मराठी प्रत प्रत्येक झोपडपट्टी समितीकडे हवी. आणि एक जपून वाचा : रस्ता, फूटपाथ, रेल्वेलगत, नदी-नाल्यावरच्या अनधिकृत बांधकामांना हे संरक्षण नाही. आपल्या कितीतरी वस्त्या नेमक्या तिथेच आहेत.

नोटाबंदीच्या प्रकरणात २ जानेवारी २०२३ ला बहुमताचा निकाल त्यांनीच लिहिला आणि सरकारची प्रक्रिया वैध ठरवली. विरोधी मत एकट्या न्या. नागरत्ना यांनी मांडले. नाक्यावरच्या मजुराचे नोव्हेंबर २०१६ कसे गेले, ते मी इथे लिहीत नाही. पण फ्रेझरपुऱ्याच्या शाळेत शिकलेल्या न्यायमूर्तींनी ते नागरत्नांच्या आधी पाहायला हवे होते, असे मला वाटते.

खरा वाद १ ऑगस्ट २०२४ च्या निकालाचा. सात जणांच्या पीठाने सहा विरुद्ध एक मताने अनुसूचित जातींचे उपवर्गीकरण करायला राज्यांना परवानगी दिली आणि २००४ चा चिन्नय्या निकाल रद्द केला. गवईंनी आपल्या स्वतंत्र मतात पुढे जाऊन सांगितले की अनुसूचित जाती-जमातींतही क्रिमी लेयर ओळखून त्यांना आरक्षणाबाहेर काढण्याचे धोरण राज्याने करावे. आयएएस अधिकाऱ्याचा मुलगा आणि ग्रामपंचायतीच्या शाळेत शिकणारा मुलगा एका पारड्यात कसे ठेवायचे, हा त्यांचा प्रश्न.

प्रश्न खोटा नाही. वर मीच लिहिले की सभापतीचा मुलगा आणि कामगाराचा मुलगा एका रांगेत उभे नसतात. आपल्यातच आता फ्लॅटवाले आणि पत्र्याच्या घरातले असे दोन भाग पडलेत. पण औषध चुकीचे आहे. आरक्षण ही गरिबी हटाव योजना नाही, ते प्रतिनिधित्व आहे. ओबीसींना क्रिमी लेयर लावला, म्हणून त्यांच्या जागा भरल्या का? ‘योग्य उमेदवार मिळाला नाही’ असा शेरा मारून जागा रिकामी ठेवायची सोय व्यवस्थेकडे आधीच आहे. शिकलेली पिढी रांगेतून काढली की तो शेरा मारणे आणखी सोपे होते. आणि ज्या जागांवर मुळात आरक्षणच नाही, त्या उच्च न्यायालयाच्या खुर्चीपर्यंत पोहोचणारी माणसे याच दुसऱ्या पिढीतून येतात. स्वतः गवई तसेच आले.

उपवर्गीकरणाचा मुद्दा मात्र मी क्रिमी लेयरबरोबर एका पोत्यात बांधणार नाही. आपल्या बैठकांत दोन्हींना एकच शिवी मिळते. मातंग बंधूंची मागणी कालची नाही. महाराष्ट्र सरकारने निवृत्त न्यायमूर्ती अनंत बदर यांची समिती नेमली. सरकारचा हेतू आपल्यात भांडण लावण्याचा असेलही. पण अण्णा भाऊंच्या जयंतीला हार घालायचा आणि त्यांच्या नातवंडांनी वाटा मागितला की त्यांना फुटीर म्हणायचे, हे आंबेडकरवाद्याला शोभत नाही. जातीनिहाय आकडे मागा, समोरासमोर बसा. नाशिकमध्ये तरी अशी एक बैठक व्हायला हवी.

क्रिमी लेयरच्या युक्तिवादाला खरे उत्तर मिळाले ते गवईंच्याच वाट्याला आलेल्या वागणुकीतून. सरन्यायाधीश झाल्यावर १८ मे २०२५ ला ते पहिल्यांदा मुंबईत आले, तर महाराष्ट्राचे मुख्य सचिव, पोलीस महासंचालक, मुंबईचे पोलीस आयुक्त यांतले कुणी स्वागताला आले नाही. त्यांनी सत्काराच्या भाषणात ते बोलून दाखवले, तेव्हा हे अधिकारी धावत चैत्यभूमीवर पोहोचले. मग ऑक्टोबर. त्यांच्या आई कमलताई यांनी अमरावतीतल्या संघाच्या कार्यक्रमाचे निमंत्रण नाकारले. कार्यक्रम ५ तारखेचा होता. दुसऱ्या दिवशी, ६ ऑक्टोबरला, भर न्यायालयात एका ७१ वर्षांच्या वकिलाने सनातनच्या नावाने ओरडत सरन्यायाधीशांवर जोडा फेकण्याचा प्रयत्न केला. निमित्त खजुराहोच्या विष्णुमूर्तीच्या याचिकेवरील शेऱ्याचे होते. लक्ष विचलित होऊ देऊ नका, सुनावणी चालू ठेवा, एवढेच गवई म्हणाले. त्यांनी तक्रारही केली नाही.

कुणी म्हणेल, यात जात कुठे आली? पुढे आली. समाजमाध्यमांवर सरन्यायाधीशांच्या गळ्यात मडके अडकवलेली बनावट चित्रफीत फिरली आणि नवी मुंबईत गुन्हा नोंदवावा लागला. पेशवाईतले गळ्यातले मडके आणि कमरेचा झाडू आपल्या आज्या-पणज्यांच्या आठवणीत आहेत. २०२५ मध्ये ते मडके काढून देशाच्या सरन्यायाधीशाच्या गळ्यात घालताना कुणी त्यांचा उत्पन्नाचा दाखला पाहिला नाही. क्रिमी लेयरच्या बाजूने लिहिणाऱ्या प्रत्येकाने ही चित्रफीत डोळ्यांसमोर ठेवावी. स्वतः गवईंनीही.

अमेरिकेतल्या काळ्या बांधवांच्या इतिहासात हेच घडलेले दिसते. यादवी युद्धानंतर १८७० मध्ये जोनाथन जॅस्पर राइट हे साउथ कॅरोलायना राज्याच्या सर्वोच्च न्यायालयावर निवडून आले. राज्याच्या अपील न्यायालयात बसणारे ते पहिले कृष्णवर्णीय. तिथल्या विधिमंडळात काळ्यांचे बळ होते तोवर ते टिकले. गोऱ्यांची सत्ता परत आली आणि १८७७ मध्ये त्यांना पद सोडावे लागले. खुर्चीमागची चळवळ गेली की खुर्ची जाते. पुढे थरगुड मार्शल यांनी १९५४ मध्ये शाळांमधील वर्णभेदाचा खटला जिंकला आणि १९६७ मध्ये ते अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९१ मध्ये त्यांच्या जागी कोण आले? क्लेरन्स थॉमस. तेही कृष्णवर्णीयच आणि आयुष्यभर आरक्षणासारख्या धोरणांचे विरोधक. गवई हे थॉमस नव्हेत. तशी तुलना करणाऱ्यांनी त्यांची भाषणे ऐकावीत, जिथे जातील तिथे ते बाबासाहेबांचे आणि संविधानाचे ऋण सांगत आले. मुद्दा एवढाच, की न्यायाधीशाच्या जन्मावरून त्याचा निकाल ठरत नाही. जन्म महत्त्वाचा असतो तो दरवाजा कुणासाठी उघडा आहे हे कळण्यापुरता.

शेवटचा मुद्दा, ज्याकडे आपल्या पोरांचे लक्षच गेले नाही. सरन्यायाधीश झाल्यावर सहाव्या दिवशी, २० मे २०२५ ला, गवईंच्या पीठाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षे वकिलीची अट पुन्हा लागू केली. २००२ मध्ये ती काढली होती. पोरकट न्यायाधीश नकोत, अनुभव हवा, हे पटण्यासारखे आहे. पण तीन वर्षे वकिली करायची म्हणजे तीन वर्षे जवळपास फुकट राबायचे. नाशिक जिल्हा न्यायालयात ज्युनिअरशिप करणारी आमची पोरे संध्याकाळी क्लास घेतात, कुणी रात्री पार्सल पोहोचवतो. मुलगी असेल तर घरचे तीन वर्षे थांबत नाहीत, लग्न लावून देतात. कनिष्ठ न्यायालय हा न्यायव्यवस्थेतला एकच दरवाजा असा आहे जिथे परीक्षा आहे आणि आरक्षणही आहे. त्याच दरवाजासमोर ही तीन वर्षांची भिंत आली. ती बांधणाऱ्या पीठाचे प्रमुख आपले होते म्हणून गप्प बसायचे का?

बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअर वकिलांना शहरात किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये महिना मानधन द्यावे असे परिपत्रक काढले आहे. ते फक्त शिफारसवजा आहे. राज्य सरकारने आणि बार्टीने अनुसूचित जातीच्या नव्या वकिलांना ही तीन वर्षे विद्यावेतन द्यावे, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे. यंदाच्या १४ एप्रिलला डीजेचा एक दिवस कमी केला, तर एका वस्तीला एका ज्युनिअर वकिलाचा वर्षाचा खर्च उचलता येईल. आणि सनद घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा : ३० जुलै २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराकडून नोंदणी शुल्क म्हणून १२५ रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. जास्त मागितले तर पावती घ्या आणि आमच्याकडे या.

न्या. प्रसन्न वराळे सध्या सर्वोच्च न्यायालयात आहेत. निपाणीचे बळवंतराव वराळे, ज्यांना बाबासाहेबांनी वसतिगृहाच्या कामाला जुंपले, त्यांचे हे नातू. औरंगाबादच्या आंबेडकर विधी महाविद्यालयात त्यांनी कायदा शिकवला, २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आले. जून २०२७ मध्ये ते निवृत्त होतील. त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयातून वर जाणारे आपले नाव कोणते असेल, ते आज चाळिशीत असलेल्या कुठल्या तरी वकिलाच्या चेंबरमध्ये ठरते आहे.